तिसऱ्या सिलिंडरचे दोन उंचवटे

बजाजनगरच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, एक दहा बाय बाराचा गाळा आहे. बाहेर पाटी नाही. आत ग्रॅनाइटची काळी लादी, तिच्यावर पांढरं फडकं, भिंतीला एक लाकडी कपाट आणि खिडकीशी स्टूल. इथं काही बनत नाही, काही दुरुस्तही होत नाही. इथं फक्त मोजतात. वाळूजच्या लहानसहान वर्कशॉपवाल्यांना एखाद्या पार्टाचं माप पटेनासं झालं की ते एकमेकांना सांगतात, "अंबिकाबाईकडं टाक. ती सांगंल."

अंबिका देवगाव रंगारीची. बाप खंडेराव मेंढरं राखायचा. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती बजाजनगरात आली, ते नवरा शिवशंकर वाळूजला कामाला होता म्हणून. दोन वर्षांनी तीही एका कंपनीत लागली. कंपनी कॅमशाफ्ट बनवायची. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारी हातभर लांबीची लोखंडी दांडी. तिच्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, आणि दांडी फिरली की प्रत्येक उंचवटा आपली पाळी आली म्हणजे एक व्हॉल्व्ह उघडतो. अंबिकाचं काम तयार दांड्या पुसून, तेल लावून कागदात गुंडाळायचं. पण गुंडाळताना तिचा हात मध्येच थांबायचा. "ही येगळी लागती," असं म्हणून ती एखादी दांडी बाजूला ठेवायची, आणि तपासायला नेली की खरोखर ती वेगळी निघायची. शेवटी साहेबांनीच तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. मोजायची हत्यारं तिथंच शिकली. केसाएवढा फरकही दाखवणाऱ्या डायल गेजची सुई बघत तिनं बावीस वर्षं काढली.

त्या बावीस वर्षांतली एक गोष्ट तिनं शिवशंकरलासुद्धा पुष्कळ दिवस सांगितली नव्हती. महिनाअखेर होती, माल निघायची घाई होती. चारशे दांड्यांतल्या वरच्या दोन मोजून तिनं सगळ्या पेटीला शिक्का मारला होता. पंधरा दिवसांत पेटी परत आली. चाळीसेक दांड्यांचा कोन चुकलेला होता. कागद बरोबर होते, त्यामुळं तिला कुणी बोललं नाही. चौकशी मशीनवाल्याची झाली आणि बदलीही त्याचीच झाली. तिनं जाऊन सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "आता कशाला उकरता?" पुढं कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. जुनं सामान काढलं तेव्हा लादी आणि गेज अंबिकानं घेतली आणि गाळा उघडला. पण मोजलं तेवढंच लिहायचं, ही गाठ तेव्हापासून पक्की बसली होती.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी गाळ्यासमोर रिक्षा थांबली. पंचाहत्तरीला टेकलेले, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ उतरले. हातात साड्यांच्या दुकानाची लांब पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात कॅमशाफ्ट.

"मी केशव गंगापूरकर. कॉलेजात गणित शिकवत होतो. माझ्याकडे चौसष्ट सालची फियाट आहे," ते म्हणाले. "हा तिच्या इंजिनातला. कुणाला ओळखता येत नाही."

"ओळखता येत नाय म्हंजी?"

सरांनी सगळं नीट सांगितलं. गाडी एकोणऐंशी साली त्यांनी छावणीतल्या एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टर सांगायचे, ही शर्यतीत धावलेली आहे. छावणीतले रज्जाक मिस्त्री होते तोवर गाडी घड्याळासारखी चालली. पाच वर्षांपूर्वी मिस्त्री गेले, आणि तेव्हापासून गाडी उभी असली की इंजिन लंगडं चालतं, थरथरतं. तीन मेकॅनिक झाले. पुस्तकात दिल्याप्रमाणे सगळं लावूनही फरक नाही. शेवटच्यानं इंजिन उघडलं आणि म्हणाला, हा कॅमशाफ्ट फियाटचा नाहीच, फेकून द्या. मुलगा हिमांशू पुण्याला असतो. त्यानं फोटो काढून जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पाठवले.

"आणि ही खूण पाहा." सरांनी दांडीच्या टोकाजवळ बोट ठेवलं. दोन-तीन बारीक रेघा, अर्ध्या झिजलेल्या. "शौकीन म्हणतात, ही परदेशातल्या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्याची खूण असावी. जानेवारीत जुन्या गाड्यांचं संमेलन आहे. तिथं गाडीसमोर माहितीचा फलक लावायचा असतो. तुम्ही मोजून लिहून दिलंत, की हा शर्यतीचा कॅमशाफ्ट आहे, तर…"

"मोजून काय निघंल ते लिहून देईन, सर."

सर हसले. "तेच म्हणतोय मी."

'तेच' म्हणणारे लोक अंबिकानं बरेच पाहिले होते.

दांडी दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या लोखंडी ठोकळ्यांवर, आडवी ठेवली. टोकाला अंशांच्या खुणा असलेली चकती बसवली. पहिल्या उंचवट्यावर डायल टेकवली. मग पाच अंश फिरवायचं, सुई बघायची, लिहायचं. पुन्हा पाच अंश. एका उंचवट्याचे बहात्तर आकडे. असे आठ उंचवटे. दुसऱ्या कुणाला या कामाची झोप आली असती. अंबिकाला यात मन लागायचं. बाप दोनशे मेंढरांत घुसलेलं परकं मेंढरू एका नजरेत काढायचा. कसं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "आपली दोनशे नीट बघितली, की परकं आपसूक दिसतं."

भंगारवाल्याकडून तिनं साध्या फियाटचा एक जुना कॅमशाफ्ट मागून आणला, तोही तसाच मोजला. दोन दिवसांनी दोन्हीचे आकडे आलेखाच्या कागदावर उतरवले. सहा उंचवटे एकावर एक तंतोतंत बसले. शर्यतीचा असता तर उंचवटे उंच असते, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले असते. तसं काही नव्हतं. फियाटचाच होता, अगदी साधा.

राहिले दोन. तिसऱ्या सिलिंडरचे. त्यांची टोकं बरोबर होती, पण पाठ चुकली होती. उंचवट्याची पाठ गोल असते; तिथं डायलची सुई हलायला नको. या दोघांच्या पाठीवर मात्र सुई शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, वरखाली होत होती. तिनं बोळ्यानं पातळ तेजाब फिरवलं, पाण्यानं धुतलं. लोखंडावर दोन रंग उमटले, आणि मधे बारीक सीमारेषा. इथं कुणीतरी वेल्डिंगचा थर चढवला होता आणि मग तो घासून आकाराला आणला होता. मशीनवर नाही. भिंगातून आडव्या-उभ्या रेघा दिसत होत्या. कानशीनं. हातानं.

अंबिकानं भिंग पुन्हा त्या रेघांवर नेलं. तिच्या कंपनीत जे काम करायला खोलीएवढं मशीन होतं, ते कुणीतरी मांडीवर दांडी घेऊन केलं होतं, आणि टोकाला वीस मायक्रॉनच्या आत आणलं होतं.

मग तिनं खुणेवर खडू घासला आणि बोटानं पुसला. रेघांत पांढरं भरलं. दांडी उलटी फिरवली. छिन्नीनं कोरलेला, डोक्यावर रेघ असलेला, साधा सरळ 'क' होता.

हातानं कॅम घासणारा 'क' कोण, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. लेथवर काम करणाऱ्या जुन्या लोकांना विचारलं तर तिसऱ्यानंच सांगितलं, "चितेगावचा कडुबा. दुसरं कोन? हाये अजून म्हातारा."

दुसऱ्या दिवशी दांडी स्कूटीच्या पायाशी ठेवून ती पैठण रोडला लागली. शिवशंकर म्हणाला होता, "मोजायचं सांगितलं, तू मोजलंस. आता ही उठाठेव कशाला?" असं काम करणारा माणूस जिवंत आहे आणि आपण त्याला बघितला नाही, हे तिला सोसवत नव्हतं, एवढंच.

कडुबा चौऱ्याऐंशीचा होता. दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं. अंबिकानं दांडी त्याच्या हातात दिली. त्यानं बघितली नाही. अंगठा एकेका उंचवट्यावरून फिरवत नेला आणि पाचव्यावर थांबवला.

"हां. ह्यो माझा."

"एवढ्या वरसांनी वळखलं, बाबा?"

"आपल्या हातचं नाय वळखणार? पाठीला चुकलोय मी इथं. टोक साधलं, पाठ नाय साधली. लई दिवस मनात राह्यलं व्हतं." मग त्यानं मान वर केली. "बाई हाये का अजून?"

"कोन बाई?"

"गाडीवाली बाई."

कडुबानं सांगितलं ते असं. शहाऐंशी साल असावं. त्याचं लेथचं दुकान रस्त्याला होतं. दुपारची एक फियाट पैठणकडून आली आणि दुकानापुढं गप झाली. चालवणारी बाई होती, एकटी. दगड लागून खालून तेल गळून गेलं होतं. "पन बाई शहाणी. आवाज बदलला तसं इंजिन बंद केलं तिनं. म्हनून बेरिंगं वाचली. ह्ये दोन उंचवटे तेवढे खाल्ले." नवा कॅमशाफ्ट मुंबईहून यायला पंधरा दिवस लागले असते. बाई म्हणाली, मला पाच दिवसांत गाडी पाहिजे, माझे मिस्टर येणार आहेत. कडुबानं चार दिवस, चार कानशी घालवल्या. गाडी चालू झाली. पण पाठ चुकली होती, म्हणून टॅपेटचा गाळा, म्हणजे उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली बारीक फट, एका ठरावीक जागीच मोजायला लागायचा, नाहीतर गाडी लंगडली असती. म्हणून तो बाईबरोबर गाडीत बसून छावणीत गेला आणि रज्जाक मिस्त्रीला सगळं समजावून आला. "मिस्त्री म्हनला, कडुभाई, फिकर मत करो, बात मेरे पास रहेगी. दिलदार मानूस."

बात राहिली. मिस्त्रीबरोबरच गेली.

परत येताना अंबिका स्कूटी हळू चालवत होती. केशव सरांना वाटत होतं, कॅमशाफ्ट डॉक्टरांच्या वेळचा आहे. आता तिला माहीत झालं होतं ते वेगळंच. कागदावर काय लिहायचं? सहा उंचवटे फियाटचे, दोन हातानं केलेले, हे मोजलेलं आहे. साल आणि बाई हे तिनं मोजलेलं नाही, ऐकलेलं आहे. ते गाळलं तर खोटं ठरत नाही. पण पेटीतल्या वरच्या दोनच दांड्या मोजल्या तेव्हाही कागद खोटा नव्हता.

गाळ्यात येऊन तिनं कडुबाचं नाव आणि साल कागदावर लिहिलं आणि सरांच्या घरी फोन लावला. फोन शैलाकाकूंनी उचलला. सर बँकेत गेलेत म्हणाल्या.

"काकू, मी मोजणारी अंबिका. चितेगावला जाऊन आले. कडुबाबाकडं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ये तू," काकू म्हणाल्या. "आत्ताच ये."

ज्योतीनगरातल्या घरी काकू दारातच उभ्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, बारीक अंगाच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी अंबिकाला आत बसवलं, पाणी दिलं आणि आधी विचारलं, "कडुबा बरे आहेत का?"

"बरे हायेत. तुमची आठवन काढली. बाई शहाणी म्हनले."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मग त्या सांगत गेल्या. त्या वर्षी सर महिनाभर हैदराबादला होते, कॉलेजच्या कोर्सला. काकूंनी तीन आठवडे मोटार शिकवणाऱ्याकडे जाऊन गाडी शिकून घेतली. पुढं लायसन्सही काढलं. सरांना घ्यायला स्टेशनवर स्वतः गाडी घेऊन जायचं, असा बेत होता. त्याच्या आधी एकदा लांब चालवून बघावी म्हणून पैठणला गेल्या. तिथं काही काम नव्हतं. नुसतं जाऊन यायचं होतं.

"मग येताना हे झालं. गाडी वेळेत दुरुस्त झाली, पण माझा धीर गेला होता. स्टेशनवर मी रिक्षानं गेले."

"पर नंतर का नाय सांगितलं?"

"त्याच्या आधी एका लग्नात हे सगळ्यांसमोर म्हणाले होते, शैलाला सायकलचा तोल सांभाळता येत नाही, गाडी काय चालवणार. सगळे हसले, मीही हसले. आता गाडी मोडून ठेवल्यावर काय तोंडानं सांगायचं? लोक म्हणाले असते, बघा, म्हणालो नव्हतो? आणि भीतीपेक्षा राग जास्त होता, खरं सांगू का. मग तो राग जुना झाला. जुन्या झालेल्या गोष्टी काढायला निमित्त लागतं."

अंबिकानं पिशवीतून कागद काढला. "ह्यात कडुबाबांचं नाव हाये, साल हाये. साल मी मोजलेलं नाय. तुम्ही म्हनाल तर खोडते. त्यानं मापात काही फरक पडत नाय."

काकूंनी कागद हातात घेतला. आलेख, आकड्यांच्या ओळी, खाली चार वाक्यं. सगळं सावकाश वाचलं. "किती स्वच्छ लिहितेस गं," त्या म्हणाल्या. "खोडू नकोस."

तेवढ्यात फाटक वाजलं. सर आत आले, अंबिकाला बघून त्यांचा चेहरा उजळला. उभ्या उभ्याच त्यांनी कागद घेतला. शर्यतीचा नाही, इथवर वाचून ते किंचित हिरमुसले. मग पुढं वाचलं आणि चष्मा वर सरकवला.

"यात चूक आहे. एकोणीसशे शहाऐंशी म्हणजे तेव्हा गाडी माझ्याकडे होती."

"तुम्ही हैदराबादला होतात," काकू म्हणाल्या. "गाडी माझ्याकडे होती."

सर खुर्चीवर बसले. काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं, पण अंबिकाला सांगितलं त्याहून थोडक्यात, शाळेत धडा सांगावा तसं. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की अंबिकाला हसावं का रडावं कळेना.

"तेलाचा दिवा लागला नाही?"

"लागला. तेव्हाच बंद केली."

"बरोबर केलंस," सर म्हणाले. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"लग्नात तुम्ही जे बोललात त्यानंतर नाही सांगवलं."

"कुठलं लग्न? काय बोललो मी?"

काकूंनी सांगितलं. सरांनी आठवून पाहिलं, कपाळ दाबलं, खिडकीकडं बघितलं. "मला आठवतच नाही, शैला."

"मला आठवतं."

अंबिका उठली. तिला वाटलं, आपण आणलेल्या एका कागदानं या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांमध्ये अडतीस वर्षांची दांडी आडवी टाकली. फाटकापर्यंत काकू आल्या. त्यांनी तिचा हात दाबला.

त्यानंतर आठ-दहा दिवस सरांचा फोन नाही. कॅमशाफ्ट गाळ्यातच, फडक्यात. अंबिका दुसरी कामं करत होती, पण लक्ष त्याच्याकडं जायचं. शिवशंकरला एकदा बोलून दाखवलं, "खोडायला पायजे व्हतं का?" तो जेवता जेवता थांबला. "बाई स्वतः म्हनली ना खोडू नको? मग तू कोन खोडणारी?" तेवढ्यानं तिला जरा बरं वाटलं, पूर्ण नाही.

अकराव्या दिवशी सर आले. दाढी वाढलेली. शर्टाला इस्त्री होती. खिशातून तिचाच कागद काढून त्यांनी लादीवर पसरला. स्टुलावर बसून विचारलं, "हा कॅमशाफ्ट अजून चालेल का?"

"चालंल. वेल्डिंग कुठं फुटलेलं नाय, सगळं भिंगानं बघितलं. फकस्त टॅपेटचा गाळा बरोबर जागी मोजायला पायजे. रज्जाकमिस्त्रींना ती जागा हातानं माहीत व्हती. माझ्याकडं आकड्यांत हाये." तिनं आलेखावर पेन्सिलीनं दोन ठिकाणी खूण केली. "टोक खाली गेल्यावर हिथपासून हिथपर्यंत, बारा अंशांत, पाठ सरळ हाये. तेवढ्यातच मोजायचं. पुस्तकात दिलंय तिथं मोजलं तर चुकणार."

सरांनी गणिताच्या माणसासारखा तो आलेख वाचला. एकेका बिंदूवर बोट ठेवत. "पाचशे शहात्तर आकडे तुम्ही हातानं घेतलेत?"

"व्हय. आनि साध्या कॅमशाफ्टचे पाचशे शहात्तर येगळे."

"मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, निरीक्षण करा म्हणून," सर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग कागद पुढं सरकवला. "यावर सही नाही. सही करा."

कंपनीत शिक्का असायचा, शिक्क्यावर नंबर. गाळ्यातल्या चिठ्ठ्यांवरही तिनं कधी नाव घातलं नव्हतं. तिनं पेन उघडलं आणि सावकाश, सगळी अक्षरं सुटी सुटी, नाव लिहिलं.

मेकॅनिकनं कॅमशाफ्ट बसवला, गाळा तिनं सांगितलेल्या बारा अंशांत मोजला, आणि गाडीचा लंगडेपणा गेला. संमेलनात सरांनी फलक लावला. त्यावर शर्यतीचं नाव नव्हतं. 'कॅमशाफ्टची दुरुस्ती हातकानशीनं : कडुबा, चितेगाव, १९८६' अशी एक ओळ होती, आणि तिच्याखाली 'कारण : शैला गंगापूरकर यांची पैठण सफर'. हिमांशूनं फोटो पाठवला तेव्हा अंबिकाला कळलं, की लोक त्या फलकापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभे होते. काहींना वाटलं गंमत आहे. काकू गाडीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि विचारेल त्याला खरं काय ते सांगत होत्या.

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. दोघं गाडीनं पैठणला जाऊन आले होते. गाडी सरांनी चालवली. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे. येताना चितेगावला थांबले. कडुबानं सरांकडं फारसं लक्ष दिलं नाही. काकूंना म्हणाला, "बाई, आता तरी तेल बघत जा."

"सर बरे हायेत ना?" अंबिकानं विचारलं.

"बरे आहेत. अधूनमधून मधेच गप्प होतात. परवा चहा पिता पिता म्हणाले, त्या दिवशी स्टेशनवर तू गाडी घेऊन आली असतीस तर मी काय बोललो असतो कोण जाणे. मी म्हटलं, मलाही माहीत नाही. पण विचार करताहेत बरं का. या वयात. एवढं मी धरून चालले नव्हते."

फोन ठेवून अंबिका लादीकडं वळली. कन्नडहून कुणीतरी ट्रॅक्टरचा एक पार्ट पाठवला होता, कशाचा ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं चष्मा पुसला आणि आधी तो नुसता हातात घेऊन बघितला.